आईकडून आलेलं

पेशींना रविवार कळत नाही. दिवाळीही कळत नाही. माणसाच्या त्वचेचा बारीक तुकडा घेऊन त्यातून पेशी वाढवल्या, की त्यांना एक दिवसाआड ताजा द्रव घालावा लागतो. नाही घातला तर त्या मरतात. लग्नानंतर थोड्याच दिवसांत सासरी पूजा होती आणि मी मधूनच उठून मुंबईला प्रयोगशाळेत गेले, तेव्हा सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला विचारलं होतं, "तिथे कुणी आजारी आहे का?" तो म्हणाला, "आजारी माणसांच्या पेशी आहेत." सासूबाईंना ते पटलं. आजारी म्हटल्यावर जायलाच हवं, असं म्हणून त्यांनी मला शिऱ्याचा डबाही दिला.

मी आगाशीच्या बागायतदार घरातली. वडिलांची केळीची वाडी होती, कडेने पानवेली, विहिरीजवळ चाफा आणि जाई. आम्ही दोघीच बहिणी. ताईला वाडीतलं सगळं यायचं, मला पुस्तकातलं. ताईचं लग्न गावातच झालं. मी वसईच्या कॉलेजातून मुंबईला शिकायला गेले आणि जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. केली. तेव्हापासून गावात मी डॉक्टर झाले. कुणाचा गुडघा, कुणाचा खोकला, कुणाच्या नातवाचा ताप. मी सांगायची, मी औषधं देणारी डॉक्टर नाही. त्यावर माणसं समजूतदारपणे मान हलवायची आणि म्हणायची, "बरं, मग निदान गोळीचं नाव तरी सांग."

माझं काम समजावून सांगायला अवघड नाही. आपल्या पेशींत बारीक बारीक कण असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हणतात, आम्ही प्रयोगशाळेत माइटोकॉन्ड्रिया म्हणतो. खाल्लेल्या अन्नातून शक्ती तयार करणं हे त्यांचं काम. ते बिघडले की ज्या अवयवांना जास्त शक्ती लागते ते आधी ढासळतात. मेंदू, डोळे, कान, हृदय, स्नायू. आणि हे कण बापाकडून येत नाहीत, आईकडून येतात. आई ते मुलाला आणि मुलीला दोघांनाही देते, पण पुढच्या पिढीला ते देऊ शकते फक्त मुलगी. हे मी इतक्या वर्गांत आणि इतक्या सभांत सांगितलं होतं की बोलताना मला त्याकडे लक्षही द्यावं लागत नसे.

हॉस्पिटलांतून आमच्याकडे अशा रुग्णांच्या त्वचेचे नमुने येत. मी त्या पेशी वाढवायची, त्या किती प्राणवायू वापरतात ते मोजायची, आणि कुठल्या रसायनाने त्या सावरतात का ते बघायची. कमी प्राणवायूत त्यांचं काय होतं हे बघायला मला एक पारदर्शक पेटी हवी होती. परदेशातून मागवणं परवडत नव्हतं, म्हणून मी ती गोखिवऱ्याच्या एका गाळ्यातून अॅक्रिलिकची करून घेतली आणि रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणली. त्या पेटीत एकदा एका रसायनाने पेशी खरंच सावरल्या. वर्षभर मी हवेत होते. मग उंदरांवर प्रयोग केला आणि उंदरांना काहीच फरक पडला नाही. पुन्हा केला. पुन्हा नाही.

तेव्हापासून माझं बूड एका जागी टेकेना. घरी मी चहाचा कप घेऊन गॅलरीत फेऱ्या मारायची. नवरा बँकेतून निवृत्त झालेला, शांत माणूस. तो पेपर खाली करून म्हणायचा, "बस ना जरा. बसूनही विचार करता येतो." मला नाही यायचा. हॉस्पिटलात कधी नमुना घ्यायला गेले तर तिथे मुलाला मांडीवर घेतलेली एखादी आई असायची, आणि ती विचारायची, "मॅडम, औषध कधी निघेल?" मी म्हणायची, काम चालू आहे. ते खरंच होतं. पण जिना उतरताना मला स्वतःचाच राग यायचा, आणि त्या रागाला कुठे ठेवू ते कळायचं नाही.

थंडीच्या दिवसांत एका दुपारी ताईचा फोन आला. तिची धाकटी मुलगी विरारच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. बारीक, बुटकी, हसरी पोरगी. वर्षभर तिचं डोकं दुखत होतं. परीक्षेचं टेन्शन, चष्म्याचा नंबर, पित्त, सगळी कारणं देऊन झाली होती.

"दोन दिवस उलट्या करतेय," ताई म्हणाली. "आज जरा जेवायला बसली, तर ताटातल्या डाव्या बाजूचं खातच नाही. मी म्हटलं भाजी का टाकलीस, तर म्हणते, भाजी वाढलीच नाहीस."

मी उभी राहिले. "ताई, तिला ताट दिसत नाहीये. अर्धं दिसत नाहीये. आत्ता हॉस्पिटलात ने."

"अगं, पण ती बोलतेय नीट."

"असू दे. रिक्षा बोलाव. मी निघते."

मी विरारच्या हॉस्पिटलात पोचले तोवर तिला फिट येऊन गेली होती. ती गुंगीत होती, तोंडाला कोरड पडलेली, डाव्या हाताची बोटं मधूनच थरथरत होती. भावजी भिंतीला टेकून उभे होते, वाडीतल्या कपड्यांतच, पायांना चिखल. ताई पलंगाच्या कडेला बसून मुलीचे केस पुन्हा पुन्हा कानामागे करत होती.

मेंदूचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी एमआरआयची फिल्म उजेडापुढे धरली आणि म्हणाले, "स्ट्रोकसारखं दिसतंय. या वयात कसा, ते शोधावं लागेल."

मेंदूच्या मागच्या भागात पांढरा डाग होता. रक्तवाहिनी बंद पडली तर डाग त्या वाहिनीच्या हद्दीत राहतो. हा डाग कुठलीच हद्द पाळत नव्हता. मी असे डाग छापील कागदांवर आणि पडद्यांवर इतकी वर्षं बघत आले होते, की बघताक्षणी मी हा ओळखला. पण त्याच वेळी मनात आलं, ज्याच्या हातात हातोडा त्याला सगळीकडे खिळे दिसतात अशातली मी असेन. आपण रोज जे बघतो तेच आपल्याला दिसणार.

मी म्हणाले, "डॉक्टर, मी औषधांची डॉक्टर नाही. संशोधन करते. पण रक्तातलं लॅक्टेट बघाल का? आणि फिटवर कुठलं औषध दिलंय?"

त्यांनी नाव सांगितलं. ते नेहमीचं, चांगलं औषध आहे, पुष्कळांना उपयोगी पडतं. पण हे कण बिघडलेले असतील तर त्याच औषधाने यकृत निकामी होऊ शकतं. मी तसं म्हटलं. ते थोडे वैतागले. नातेवाईक इंटरनेटवर वाचून येतात, त्यातलीच मी वाटले असेन.

"मॅडम, हे फार दुर्मीळ असतं."

"हो. मी तेच शिकवते."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आत गेले, आणि थोड्या वेळाने परत आले. "औषध बदलतोय," ते म्हणाले. "लॅक्टेट पाठवलंय. तुम्ही म्हणता तसं असेल तर त्यावर देतात ते आर्जिनिनही सलाइनमधून सुरू करू. तुम्ही थांबाल ना इथे?"

लॅक्टेट खूप वाढलेलं आलं; हे कण नीट काम करत नसले की ते रक्तात साठतं. मी बाहेर व्हरांड्यात आले. आई तिथे बाकावर बसली होती. वडील गेल्यापासून ती ताईकडेच असते. नर्स तिला काहीतरी विचारत होती, तिसऱ्यांदा विचारत होती, आणि आई तिच्या तोंडाकडे बघून नुसती हसत होती. आईला चाळिशीनंतर कमी ऐकू यायला लागलं. विहिरीवरच्या पाण्याच्या इंजिनाजवळ बसून बसून कान गेले, असं आमच्याकडे म्हणत. मग तिला साखर निघाली. तिच्या धाकट्या बहिणीलाही साखर होती, तीही बहिरी झाली होती; तिच्या कानांचं खापर लहानपणीच्या टायफॉइडवर फोडलेलं. ती पन्नाशीत हृदयाच्या दुखण्याने गेली. दोघी बुटक्या, दोघी बारीक, दोघी चढावर थांबणाऱ्या. प्रत्येकीच्या प्रत्येक दुखण्याला घरात आपापली वेगळी गोष्ट होती, आणि त्या सगळ्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आले होते.

मी आईसमोर उभी राहून तिच्या चपलांकडे बघत होते. आईने माझा हात ओढला. "काय म्हणाला डॉक्टर?" आईचं बोलणं आमच्या घरच्या बोलीतलं असतं, इथे मी ते सरळ करून लिहिते आहे.

"औषध बदललं," मी तिच्या कानाशी म्हणाले. "बरं वाटेल तिला."

तपासणीचे नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवले. आमच्याकडेही ते करता आलं असतं, पण संशोधनाच्या प्रयोगशाळेने घरच्या माणसाचा रिपोर्ट काढायचा नसतो, आणि माझ्या हातांवर माझा भरवसाही नव्हता. उत्तर येईपर्यंत मी कामावर जात राहिले. मी फ्रीझर आवरला, जुने नमुने पुन्हा लावले, धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लावली. एक विद्यार्थिनी शेवटी म्हणाली, "मॅडम, आमचं काही चुकलंय का?" मी म्हटलं नाही, आणि गच्चीवर जाऊन फेऱ्या मारल्या. शेल्फवरच्या डब्यांत कुणाकुणाच्या मुलांच्या पेशी होत्या. त्यांच्यावर नावं नसतात, आकडे असतात. पूर्वी मला ते बरं वाटायचं. आता एकेक डबा उचलला की वाटायचं, हिची मावशी कोण असेल.

भाची हळूहळू सावरत होती. डावीकडचं दिसणं थोडंथोडं परत येत होतं. मग रिपोर्ट आला. दोष होता, मला वाटला होता तोच.

ताईला सांगायला मी आगाशीला गेले. सकाळची वेळ होती, ती पडवीत बसून जाईच्या कळ्या निवडत होती. मुलगी आत झोपली होती. मी शेजारी बसले, कळ्या हातात घेतल्या, आणि वर्गात सांगते तसं सांगायला लागले. दोन वाक्यांतच ते पुस्तकी वाटायला लागलं. मग मी साधं सांगितलं.

ताईचे हात थांबले नाहीत. "म्हणजे आईकडून मला, आणि माझ्याकडून हिला."

"हो. पण तू काही केलं नाहीस, ताई. आईनेही नाही. हे डोळ्यांच्या रंगासारखं आहे."

"डोळ्यांच्या रंगाने फिट येत नाही," ताई म्हणाली.

तिने टोपली बाजूला सारली. "थोरलीचं काय? तिचं लग्न झालंय, मूल आहे."

"तिच्यात कमी असेल, जास्त असेल. बघितल्याशिवाय कळत नाही. चांगले आणि बिघडलेले कण एकाच पेशीत मिसळलेले असतात. एकाच आईच्या दोन मुलींत प्रमाण वेगळं असतं."

"आणि तुझ्यात?"

मी कळ्यांकडे बघत राहिले. "मला माहीत नाही."

"तुला माहीत नाही?" ताईचा आवाज पहिल्यांदाच चढला. "जन्मभर दुसऱ्यांच्या चामड्या घेऊन बसलीस आणि तुला स्वतःचं माहीत नाही?"

"बघते," मी म्हणाले.

मी बघितलं नाही. आठवडे गेले. साधी लघवीची तपासणी. रक्तात वयाप्रमाणे हे प्रमाण उतरतं, म्हणून लघवीत बघतात. मी हे दुसऱ्यांना शांतपणे समजावून सांगितलं होतं. लोकांना वाटतं, माहिती असली की भीती कमी होते. माझ्या बाबतीत उलटं झालं. मला पुढच्या पायऱ्या सगळ्या माहीत होत्या. माझ्यात असेल तर माझ्या मुलीतही बहुतेक असणार, एवढंच नव्हे, तिच्यात माझ्याहून जास्त असू शकतं. तिच्यात किती, हे कुठल्याही गणिताने सांगता येत नाही. ती पुण्यात नोकरी करते, वर्षापूर्वीच लग्न झालं होतं. मी तिला भाचीच्या दुखण्याचं सांगितलं होतं, पण दुखणं कुठून आलं ते गाळून. फोनवर मी तिच्या आवाजात धाप शोधायची. नवरा म्हणायचा, "तिला सांगून टाक. ती लहान नाही." मी म्हणायची, सांगते. आणि उठून गॅलरीत जायची.

एका शनिवारी मुलगी न कळवता वसईला आली. हातात फक्त पाठीवरची पिशवी. चहा झाल्यावर ती म्हणाली, "आई, फिरायला जाऊ." तिला माहीत आहे, मला बसून बोलता येत नाही. आम्ही रिक्षाने किल्ल्यापर्यंत गेलो आणि आत चालत निघालो. शनिवार असल्यामुळे फोटो काढायला आलेली जोडपी होती, कुणा नवरीचा लांब झगा दोन मैत्रिणींनी उचलून धरलेला.

"मावशीने सांगितलं मला," मुलगी म्हणाली. "सगळं. तू टेस्ट केलीस?"

"अजून नाही."

"मी केली."

मी चालायची थांबले नाही, वेग वाढवला असेन, कारण तिने माझं मनगट धरलं. "आई, एका जागी उभी राहा."

मी उभी राहिले.

"आहे," ती म्हणाली. "कमी आहे. डॉक्टर म्हणाले, आत्ता काही त्रास नाही, कान आणि साखर दर वर्षी बघायची, हृदयही. म्हणजे तुझ्यातही आहे, कळलं ना? तुला आता टेस्ट करायला घाबरायचं कारणच उरलं नाही."

मला रडू आलं नाही. मला प्रमाण विचारायचं होतं, नमुना कशाचा घेतला ते विचारायचं होतं, कुठल्या पद्धतीने मोजलं ते विचारायचं होतं, आणि मी विचारलंही, एकामागून एक. तिने सगळ्याची उत्तरं दिली. मग म्हणाली, "झालं? आता माझा एक प्रश्न. आम्हाला मूल हवंय. तुझं शास्त्र काय म्हणतं?"

"बीजांडं तयार होताना हे कण कसेही वाटले जातात," मी म्हणाले. "एका बीजांडात जवळजवळ नसतीलच, शेजारच्यात पुष्कळ असतील. तुझ्यात कमी आहे, म्हणून मुलात कमीच येईल असा अंदाज बांधता येतो. खात्री देता येत नाही. गर्भाची तपासणी करता येते, तीही पुरतं सांगत नाही."

"म्हणजे माहीत नाही."

"नाही."

"ठीक आहे," ती म्हणाली. "हे तू स्वतः आधी सांगितलं असतंस तर मला आवडलं असतं." ती रागावली नव्हती. पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिने मला दिली, आणि आम्ही बाहेरच्या रस्त्याला लागलो.

त्यानंतर मी माझी तपासणी केली. कमी प्रमाणात होतं. कानांच्या डॉक्टरांनी बघितलं तर उंच पट्टीतले आवाज मला ऐकू येत नव्हते. मग प्रयोगशाळेतली एक गोष्ट लक्षात आली. पेशी उबेत ठेवायचा इन्क्युबेटर बिघडला की त्याचा बारीक अलार्म वाजतो, आणि गेली काही वर्षं नेहमी विद्यार्थीच धावत येऊन मला सांगायचे, "मॅडम, वाजतोय." मला वाटायचं, मी कामात असते.

आईला सांगायचं नाही, असं ताईचं आणि माझं ठरलं होतं. पण तिच्या साखरेची एक गोळी डॉक्टरांनी बदलली, कारण या आजारात ती चालत नाही, आणि आईला गोळ्यांचे रंग पाठ असतात. तिने गोळी तळहातावर धरली. "ही माझी नाही. काय चाललंय तुमचं?"

तिच्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून ती ते डब्यात ठेवते. त्या दिवशी तिने स्वतः ते कानात घातलं आणि समोर बसली. मी सांगितलं. शक्य तेवढं मोठ्याने, शक्य तेवढं सोपं. ताई चुलीशी उगाच काहीतरी करत राहिली.

आईने पदराने तोंड पुसलं. मला वाटलं, आता ती स्वतःला बोल लावणार. तिने विचारलं, "माझ्या बहिणीच्या पोरींना सांगितलंत?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. मावशीच्या दोन मुली. एक गुजरातेत, तिच्याशी फोनवर बोलता आलं असतं. दुसरी सफाळ्याला, तिच्याशी मावशी गेल्यानंतर येणंजाणं कमी झालं होतं.

"तिलाही कमी ऐकू येतं," आई म्हणाली. "थोरलीच्या लग्नात भेटली होती तेव्हा मी बघितलं. ती माझ्यासारखी तोंडाकडे बघते. तिला मुलगी आहे. चला, उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. आई आणि मी. आईने सोबत केळ्यांचा फणा घेतला. मावसबहिणीला आम्हाला बघून आनंद झाला, तिने पोहे केले, मावशीच्या आठवणी काढल्या. मी योग्य क्षण शोधत राहिले आणि आई माझ्या गुडघ्याला ढोसत राहिली. शेवटी मी बोलायला सुरुवात केली.

मावसबहीण माझ्या ओठांकडे बघत ऐकत होती. अर्ध्यावर तिने मागे वळून आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं. "हळू बोल," ती म्हणाली.

"तुला आणि मुलीला तपासून घ्यायला हवं. साखर आहे ना तुला? कुठली गोळी घेतेस?"

"मुलीचं लग्न ठरतंय," ती म्हणाली. "परवा बघून गेलेत. हो म्हणालेत. तू आता हे घेऊन आलीस."

"म्हणूनच आधी..."

"नाही. माझ्या कानांचं मी बघते. मुलीला काही झालेलं नाही. धडधाकट आहे. तू हे इथेच ठेव, या पडवीत. आत नेऊ नकोस."

आई मध्ये पडली. "माझी नात अर्धी आंधळी झाली होती गं. आधी कळलं असतं तर..."

"मावशी, तुम्ही मोठ्या आहात, मी काय बोलू," मावसबहीण म्हणाली आणि उठून बश्या गोळा करायला लागली. निघताना तिने आईच्या पाया पडून पिशवीत नारळ घातला, आणि माझ्याकडे बघितलं नाही.

परतताना आई म्हणाली, "सांगितलं आपण." मला तसं वाटत नव्हतं. मी न चालणाऱ्या गोळीचं नाव एका कागदावर लिहून मावसबहिणीच्या हातात तरी द्यायला हवं होतं. मुलीला बाहेर बोलवायला हवं होतं. की नको होतं? तिच्या घरात शिरून तिच्या मुलीचं लग्न मोडायचा अधिकार मला कुणी दिला? शास्त्रात मी हे कधी शिकले नव्हते. संमतीशिवाय कुणाला काही सांगायचं नाही, हे शिकले होते. ज्याने विचारलंच नाही त्याला काय सांगायचं, हे नाही. मी मावसबहिणीला दोनदा फोन केला. तिने गोळीचं नाव ऐकून घेतलं, बरं म्हणाली, आणि विषय बदलला.

भाचीला त्यानंतर एकदा पुन्हा झटका आला. या वेळी ताईने वेळ घालवला नाही. भाची आता घरून बी.ए. करते आहे. वाचताना ओळीखाली पट्टी धरते, कारण डावीकडची सुरुवात अजून निसटते. औषधांची पिशवी तिने स्वतः शिवली आहे, फुलाफुलांची. मधूनच ती मला फोन करून विचारते, "मावशी, सापडलं काही?" आणि मी म्हणते, नाही. तिला 'काम चालू आहे' असं मला म्हणवत नाही. तिच्या त्वचेचा नमुना तिने आपणहून दिला. त्या पेशी आमच्याकडे आहेत, पण मी त्यांना हात लावत नाही; ते काम दुसरी विद्यार्थिनी करते. माझ्या निवृत्तीला फार दिवस राहिलेले नाहीत, आणि जेवढं करायचं ठरवलं होतं त्यातलं फार थोडं झालं आहे.

गेल्या मार्चमध्ये रविवारी दुपारी आमच्या दाराची बेल वाजली. नवऱ्याने दार उघडलं. बाहेर एक मुलगी आणि एक मुलगा. मुलीला मी ओळखलं नाही. तिने स्वतःची ओळख सांगितली: सफाळ्याच्या मावसबहिणीची मुलगी. सोबतचा, ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो.

"तुम्ही आला होतात तेव्हा मी आतच होते," ती म्हणाली. "दार लोटलं तरी आईशी मोठ्याने बोलावं लागतं ना. मी सगळं ऐकलं, पण सगळं कळलं नाही. याला मी सांगितलंय. आईला सांगून आलेलो नाही आम्ही."

मुलगा संकोचून बसला होता, हेल्मेट मांडीवर. मी त्याला विचारलं, "तुम्हाला काही विचारायचं आहे?"

"आधी तुम्ही सांगा," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

मी पहिल्यापासून सांगितलं. उभी राहून, गॅलरीच्या दाराशी. कण काय असतात, आईकडून कसे येतात, प्रमाण म्हणजे काय, काय कळतं आणि काय कळत नाही. माझ्या भाचीचं सांगितलं, माझ्या मुलीचं सांगितलं, आणि मग माझंही. मुलगी मधेमधे प्रश्न विचारत होती, चांगले प्रश्न. मुलाने एकच विचारला. "तपासणी केली नाही तर काय होईल?"

"कदाचित काहीच होणार नाही," मी म्हणाले. "कदाचित होईल, आणि तेव्हा चुकीचं औषध दिलं जाईल."

तपासणी कुठे करतात ते मी सांगितलं. नवऱ्याने चहा आणला. त्यांनी तो घेतला, नमस्कार केला आणि ते मोटारसायकलवरून गेले.

लग्न मे महिन्यात झालं. आम्हाला आमंत्रण होतं. मावसबहिणीने स्वतः फोन केला होता. मांडवात ती आईचा हात धरून बसली, दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बोलत होत्या आणि मोठ्याने हसत होत्या. मुलगी पाया पडायला आली तेव्हा माझ्या कानाशी वाकली. मी तिचं बोलणं ऐकण्यासाठी कान पुढे केला. मागे बँड वाजत होता. ती काहीतरी म्हणाली, तीन-चार शब्द, आणि पुढच्या माणसाच्या पाया पडायला सरकली. मला ते ऐकू आलं नाही.

काय म्हणाली होतीस, तपासणी केलीस का, हे नंतर फोन करून विचारावं असं पुष्कळदा मनात येतं. फोन हातात घेते, नंबर काढते. अजून केलेला नाही.